अण्णाकाकांच्या बरण्या आणि तालुक्याचे पोट

अण्णाकाकांना मी पहिल्यांदा नीट पाहिले ते पाठमोरे. ते जमिनीवर गुडघे टेकून एका भल्यामोठ्या बरणीला कान लावून बसले होते. शहापूरच्या शाळेत मी नुकताच मास्तर म्हणून चिकटलो होतो आणि आईच्या हुकमावरून किन्हवलीला त्यांच्या पाया पडायला गेलो होतो. वडिलांचे हे चुलतभाऊ, नावाजलेले वैद्य. पाय दिसत होते, पण तळव्यांच्या बाजूने. त्यांना नमस्कार कुठून करतात, हे मला ट्रेनिंग कॉलेजात शिकवलेले नव्हते. मी खाकरलो.

"श्श!" काका न वळताच म्हणाले. "बोलतेय ती."

"कोण?"

"करवंद."

आतून काकूंचा आवाज आला, "बस रे बाबा तू. तिचं बोलून झालं की तुझ्याशी बोलतील. मी लग्न झाल्यापासून थांबलेय, माझा नंबर अजून लागायचाय."

आमच्या या घराण्यात आसवे करण्याची परंपरा होती. कृती म्हणाल तर सोपी. फळाचा रस, गूळ, थोडा मध आणि धायटीची वाळलेली फुले बरणीत घालायची, तोंडाला फडके बांधून वर माती लिंपायची आणि बरणी भाताच्या तुसात गळ्यापर्यंत पुरायची. फुलांनी आत फसफस सुरू होते. ती थांबली की गाळायचे आणि मुरायला ठेवून द्यायचे. पोथीत एवढेच लिहिले आहे. पोथी लिहिणाऱ्याला अण्णाकाका भेटले असते तर तिचे निदान सात खंड झाले असते.

कारण काकांच्या मते खरे काम गाळल्यानंतर सुरू होई. माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत बरण्या भिंतीला टेकून वर्षानुवर्षे बसलेल्या असत आणि काका त्यांच्याकडे सासरी नांदायला गेलेल्या लेकींची खबर घ्यावी तसे रोज जाऊन येत. "गेल्या वर्षीची अजून अल्लड आहे." "ती कोपऱ्यातली जरा शहाणी झाल्यासारखी वाटते." एखादी आंबली तर घरात दोन दिवस सुतक असल्यासारखी शांतता. त्या आंबलेल्या आसवाचे काकू निमूटपणे लोणच्यात काय करत, ते काकांना शेवटपर्यंत कळले नाही. लोणचे मात्र ते बोटे चाटून खात.

दिवाळीच्या पाडव्याला नव्या बरण्या उघडायचा सोहळा असे. जमलेल्या सगळ्या नातेवाइकांना ओळीने बसवून काका चांदीच्या पळीने एकेक आसव हातावर देत. देताना भाषण.

"आवळा जन्मतःच म्हातारा असतो. त्याला मुरवून फायदा नाही, नुसती किरकिर वाढते. औषध म्हणून घ्या आणि विसरा." पुढची पळी. "हे करवंद. करवंद म्हणजे मुरबाडची मुलगी. पहिलं वर्ष नुसती आदळआपट. दुसरं वर्ष रुसवा. तिसऱ्या वर्षी गोड होते." मग एक सुस्कारा. "काही होत नाहीत."

काकू मुरबाडकडच्या, टोकावड्याच्या. त्या फराळाचे ताट ठेवत म्हणत, "आणि काही बरण्यांच्या तोंडाला कितीही माती लिंपा, आतली हवा बाहेर यायची ती येतेच."

शेवटी जांभूळ. इथे काकांचा आवाज खाली येई. शहापूरकडची जांभळे काका स्वतः जाऊन निवडून आणत. जांभळाच्या बरणीला हात लावायची परवानगी घरात कोणालाही नव्हती. "जांभूळ आधी जीभ धरतं. सोडत नाही. चार वर्षं गेली की पकड ढिली होते. आणि मग गिळल्यावर, सगळं गेलंय असं वाटतं ना, तेव्हा मागून काहीतरी येतं."

"काय येतं?" मी पहिल्याच पाडव्याला विचारले.

"तेच तर मला कोणीतरी सांगायला हवं!"

काकांची अडचण अशी होती की त्यांना आम्लपित्त होते. अर्ध्या तालुक्याच्या पचनाची काळजी वाहणाऱ्या या माणसाला स्वतःचा दहीभात पचत नसे. आसवाचा घोट पोटात गेला की रात्रभर अंगणात येरझारा. म्हणून ते थेंब जिभेवर ठेवत, डोळे मिटत आणि थुंकून टाकत. म्हणजे आसव जिभेवर कसे चालते हे त्यांना दुसऱ्या कोणाहीपेक्षा जास्त कळे. पण गिळल्यानंतर जे मागून यायचे, ते आयुष्यात एकदाही त्यांच्या वाट्याला आले नव्हते. गवयाने बैठक रंगवावी आणि भैरवीच्या वेळी त्याचेच कान बंद व्हावेत, तशातला प्रकार. त्यांना दुसऱ्याची जीभ हवी होती, आणि दर सुटीला घरात मी होतो.

मी डोळे मिटून गंभीरपणे गिळत असे आणि म्हणत असे, "छान आहे, काका."

"छान? भेंडीची भाजीसुद्धा छान असते. मागून काय आलं?"

मी पुन्हा डोळे मिटी. मागून फारतर ढेकर येई. ती मी आदराने दाबत असे. "चांगलं आलं," मी सांगे. काका माझ्याकडे पाहून काकूंना म्हणत, "मास्तर आहे, पण जिभेची पाटी अगदी कोरी."

तोवर काकांचे खरे रोगी म्हणजे दोन म्हाताऱ्या आणि एक निवृत्त तलाठी. पण मुंबई राज्यात दारूबंदी पक्की झाली आणि काय योगायोग असेल तो असो, किन्हवलीच्या पंचक्रोशीला एकाएकी अग्निमांद्याने ग्रासले. भूक मंदावली, पोटे बिघडली. ज्यांनी जन्मात वैद्याची पायरी पाहिली नव्हती असे दणकट बाप्ये बाजाराच्या दिवशी कण्हत कण्हत काकांच्या अंगणात रांग लावू लागले. सापगावपासून माणसे येत. काही जण तर घाट उतरून येत, आणि एवढे चालूनही त्यांना भूक लागत नसे.

रांगेत पहिला नंबर पांडू पहिलवानाचा. जत्रेतला फड मारणारा गडी, दारातून आत येताना त्याला तिरके व्हावे लागे.

"काय होतंय रे?" काका नाडी धरून विचारत.

"अन्न जात नाय, अण्णा. निस्तं पाण्यावर हाय."

"हं. दोन चमचे, जेवणानंतर, तेवढ्याच पाण्यातून."

"पाण्यातून?" पांडूचा चेहरा उतरे. मागची रांगही चुळबुळ करी.

"गेल्या बाजारी बाटली दिली होती ती संपली? दोन चमच्यांनी?"

"जेवणानंतर घ्यायला सांगितलंत ना, अण्णा? म्हणून मी जेवनंच वाढवली."

काकांना याचा संशय आला का? छे. ते मला म्हणाले, "बघ. इतकी वर्षं मी म्हणत होतो, चांगल्या वस्तूची किंमत उशिरा होते. लोकांना चव कळायला लागली." त्या वर्षी त्यांनी बरण्या वाढवल्या. आम्हा सगळ्यांना काय चालले आहे ते ठाऊक होते. अंगणातल्या कुत्र्यालाही ठाऊक असावे, कारण रांग परत जाताना ते बाजूला होई. पण काकांच्या चेहऱ्यावर तो आनंद पाहिला की कोणाच्याही तोंडून शब्द फुटत नसे. काकू एवढेच म्हणत, "तुमचं आसव आणि त्यांचं दुखणं, दोन्ही कसं अगदी बाजाराच्या दिवशीच फसफसतं."

काका एकेकाला मोठ्या आशेने विचारत, "जांभूळ घेतलंस ना? गिळल्यावर मागून काय येतं?"

"मागून?" पांडूने एकदा विचार करकरून सांगितले, "मागून झोप येते, अण्णा. झकास."

मग दारूबंदीच्या साहेबांची वर्दी आली. आसवे करायचा परवाना होता, पण ती औषध म्हणूनच जातात का, हे साहेब स्वतः येऊन रोग्यांना विचारणार होते. काका खूश. "येऊ दे. निदान एक सुशिक्षित माणूस तरी येतोय." काकूंनी मात्र आदल्या दिवशी रांगेतल्या सगळ्यांना गोठ्यामागे उभे केले आणि दम भरला, "तीनच गोष्टी बोलायच्या. पोटात वारा धरतो, भूक लागत नाही, खाल्लेलं वर येतं. चौथं अक्षर काढलंत तर याद राखा."

साहेब आले. सडपातळ, खादी, पायात साध्या वहाणा, बोलणे मऊ. आयुष्यात चहासुद्धा घेतला नाही म्हणाले. काकूंनी पन्हे दिले तर गूळ कुठला ते विचारून घेतले. मग ओसरीवर बसून एकेकाला बोलावले.

"पोटात वारा धरतो, भूक लागत नाय, खाल्लेलं वर येतं," पहिला म्हणाला.

"पोटात वारा धरतो, भूक लागत नाय, खाल्लेलं वर येतं," दुसरा म्हणाला. तिसरा, चौथा, पाचवा. माझ्या वर्गात पाढे इतके बिनचूक कधी म्हटले गेले नाहीत. साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हलत होते, पण ते लिहीत राहिले.

पांडूला त्यांनी नखशिखांत पाहिले. "भूक लागत नाही?"

"नाय, साहेब."

"मग जेवता किती?"

"सात-आठ भाकऱ्या."

"भूक नसताना?"

"तशाच जातात, साहेब. सवयीनं."

साहेबांनी पेनाला टोपण लावले. माणूस भला होता. खेड्यातल्या एका म्हाताऱ्या वैद्याची बरण्यांची खोली उलटीपालटी करून त्याला काही मिळवायचे नव्हते. "ठीक आहे, वैद्यबुवा. मी येतो," ते म्हणाले, आणि काकूंनी सोडलेला सुस्कारा मला ओसरीच्या या टोकाला ऐकू आला.

एवढ्यावर काका गप्प बसले असते, तर मी हे लिहीत बसलो नसतो.

"साहेब, थांबा," काका म्हणाले. "तुम्ही दुखणं विचारलंत. आता गुण विचारा. ही माणसं वर्षानुवर्षं माझं आसव घेतायत. हे जांभूळ, हे करवंद. डोळे बांधून यांच्या हातावर द्या, ओळखतात की नाही बघा!" आणि कोणी काही म्हणायच्या आत दोन वाट्या आणि चांदीची पळी हजर. "पांडू, ये पुढे. सांग साहेबांना. हे का हे?"

पांडूने डोळे मिटून पहिली पळी घेतली. दुसरी घेतली. मग खात्री करायला पहिली पुन्हा घेतली. घाम फुटला होता गड्याला. गोठ्यामागे या प्रश्नाचे उत्तर शिकवलेले नव्हते.

"चवीचं काय समजत नाय, अण्णा," तो शेवटी काकुळतीने म्हणाला. "आमची खूण एकच. ज्यानं लौकर चढते, ते जांभूळ."

ओसरीवर इतकी शांतता झाली की आतल्या खोलीतली एखादी बरणी खरोखर बोलत असती तर सर्वांना ऐकू आली असती. पांडूने जीभ चावली. साहेब एकदम उठून छत्री शोधू लागले. "मला टोकावड्याची एस्टी गाठायची आहे," ते म्हणाले. "मी काही ऐकलं नाही."

"मी ऐकलं," काका म्हणाले. "काय म्हणालास?"

"काय नाय, अण्णा."

"चढते म्हणालास. तुला चढते?" ते पुढच्याकडे वळले. "तुला? आणि तुला रे? तुमीपण त्याचसाठी येता?" काका चिडले की त्यांची भाषा अंगणातली होई. रांगेतले एकेक डोके खाली गेले. "म्हणजे जांभूळ काय आणि करवंद काय, तुम्हाला सारखंच?"

"अहो," काकू दारातून म्हणाल्या, "साहेबांना उशीर होतोय."

"साहेब, छत्री ठेवा. लिहून घ्या. यातला एकसुद्धा आजारी नाही!"

आमच्या घराण्यात हा प्रसंग अण्णाकाकांच्या सत्यनिष्ठेचा म्हणून सांगितला जातो. मुलांना गोष्ट म्हणून बरा आहे. पण मी तिथे उभा होतो. सत्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. माणूस अपमानाने पेटला होता. आपल्या आसवात लोक चव सोडून भलतेच काही शोधतात, हा त्यांच्या लेखी गुन्हा होता, आणि तक्रार नोंदवायला सरकारी माणूस आयता समोर होता. त्या तक्रारीने आपलाच परवाना जाणार, हे त्यांच्या ध्यानात आले तेव्हा साहेबांनी पेनाचे टोपण पुन्हा काढले होते.

"तुम्ही हे चारचौघांत बोललात, वैद्यबुवा," साहेब म्हणाले. "आता माझा इलाज नाही. बरण्या माझ्यासमोर रिकाम्या कराव्या लागतील."

रांगेला घरी पाठवले. बरण्या उचलायला पांडूला तेवढे ठेवून घेतले. परसात शेवग्याखाली एकेक बरणी आली, आणि काका प्रत्येकीजवळ उभे राहून साहेबांना तिची ओळख करून देऊ लागले. "ही करवंदाची. हिनं फार त्रास दिला, गेल्या वर्षीच ताळ्यावर आली होती." बुडबुडत आसव मातीत गेले. "ही द्राक्षाची. नाशिकची द्राक्षं. सुरुवातीला भारी मिरवायची, आता कुठे साधी होत होती." साहेब प्रत्येक वेळी मान हलवत. मयताला आलेला परका माणूस हलवतो तशी. पांडू रडत होता. त्याच्या दुःखाच्या खरेपणाबद्दल मला आजही शंका नाही.

शेवटी जांभळाची जुनी बरणी. काकांनी तिच्या पोटावर हात ठेवला.

"साहेब, एक विनंती. एक घोट घ्या."

"मी? वैद्यबुवा, मी कधी..."

"म्हणूनच सांगतो. यांच्या जिभा बाटलेल्या. आमच्या मास्तरांची तर जन्मापासून मेलेली. तुमची कोरी आहे. गिळून फक्त सांगा, मागून काय येतं. मग खुशाल ओता."

"नियमात बसत नाही."

काका तिथून हलेनात. काकू पुढे झाल्या. "तुम्ही आत जा बघू," त्या म्हणाल्या. "मी सांगते साहेबांना." आणि मला, "ने रे यांना."

मी काकांना अंधाऱ्या खोलीत नेले. तिथे आता भिंतीलगत जमिनीवर फक्त बरण्यांच्या गोल खुणा होत्या. काका त्या खुणांमध्येच बसले. बाहेर बरणी कलती झाल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही, मग बुडबुड. काकांनी डोळे मिटले. एरवी दोन्ही कानांनी ऐकणाऱ्या माणसाने त्या वेळी कानांवर हात ठेवले होते.

काकू आत आल्या. पदराला बोटे पुशीत म्हणाल्या, "घेतला साहेबांनी घोट."

काका उभे राहिले. "काय म्हणाले?"

"म्हणाले, आधी जीभ धरली. मग सोडली. गिळल्यावर वाटलं, झालं, संपलं. आणि मग..." काकूंनी पदराला आणखी एकदा बोटे पुसली. "दूध आटवताना तळाला लागायच्या बेतात असतं, अजून लागलेलं नसतं, तेव्हा एक वास येतो बघा. तसं काहीतरी मागून आलं, म्हणाले. आणि खूप वेळ राहिलं."

"लागायच्या बेतात," काका हळूच म्हणाले. "अजून लागलेलं नाही." ते परत खाली बसले आणि लहान मुलासारखे हसले. "रसिक निघाला रे, मास्तर!"

चहासुद्धा न पिणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला दूध तळाला लागायच्या आधीचा वास कोणत्या खात्यात शिकवतात, हा प्रश्न तेव्हा कोणालाही पडला नाही. मला तर मुळीच नाही. मला प्रश्न विचारण्याचा पगार मिळतो, पडण्याचा नाही.

काकांनी पुन्हा आसव केले नाही. चूर्णे करत. रांग संपली, तालुक्याचे अग्निमांद्य एका आठवड्यात बरे झाले आणि दोन म्हाताऱ्या तेवढ्या उरल्या. चूर्णाच्या डब्याला कान लावून काही ऐकू येत नाही, असे ते म्हणत, पण त्याचे फार वाईट वाटल्यासारखे दिसत नसे. आल्यागेल्याला ते साहेबांची गोष्ट सांगत. पहिल्या वर्षी साहेबांनी घोट घेतला होता. दुसऱ्या वर्षी वाटी झाली. साहेबांच्या डोळ्यांत पाणी तिसऱ्या वर्षी आले. साहेबांचा हुद्दाही दर पाडव्याला वाढत होता, आणि आणखी चार वर्षे मिळती तर गव्हर्नरच येऊन पिऊन गेले असते. ती मात्र त्यांना मिळाली नाहीत. एका थंडीत, फारसे कोणाला धावपळ करायला न लावता, काका गेले.

तेराव्याला मी किन्हवलीला होतो. ओसरीवर कोणीतरी साहेबांची गोष्ट काढलीच. ऐकून मलाही भरून आले. मी स्वयंपाकघरात गेलो. काकू पानांवर तूप वाढत होत्या.

"काकू, त्या साहेबांचा पत्ता काढला पाहिजे," मी म्हणालो. "काका गेल्याचं त्यांना कळवायला हवं. शेवटी काकांचं आसव कळलेला तो एकच माणूस."

"त्यानं तोंडालासुद्धा लावलं नाही," काकू म्हणाल्या. "नियमात बसत नाही, म्हणाला. दोनदा."

"पण मग ते दूध... तळाला लागायच्या बेतातलं..."

"पांडू बरणी वाकडी करत होता, तेव्हा मी ओंजळ धरली."

"पांडू होता तिथे? मग तो इतकी वर्षं बोलला कसा नाही?"

"बोललास तर तंगडी मोडीन म्हटलं होतं."

मी दारातून बाहेर पाहिले. पांडू पहिलवान ओसरीवर खांबाला टेकून बसला होता आणि आत कोणी पाहतेय हे लक्षात येताच त्याने घाईघाईने नजर खाली घातली.

"अहो, पण काकू," माझा आवाज चढला, "तुमचं मत म्हणून सांगायचं होतंत ना त्यांना! साहेबाचं कशाला? जन्मभर कोणाच्या तरी तोंडून ऐकायला..."

"हळू बोल," काकू म्हणाल्या. त्यांनी तुपाची वाटी खाली ठेवली आणि अंधाऱ्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिले. "घरातच जीभ होती हे त्यांनी ऐकलं तर पुन्हा बरण्या मांडायला बसतील."